पिक्चर ट्यूब भंगारात घालू नका

माळ्यावर, जिन्याखाली किंवा गावच्या घरात एखादा जुना, मागे भलीमोठी पाठ असलेला टीव्ही पडून असेल, तर तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवण्याआधी थोडं थांबा. त्या टीव्हीवाचून एक खेळ मरतो आहे.

खेळाचं नाव ‘डक हंट’. नावाने तो कदाचित आठवणार नाही, पण ‘बदकं मारायचा गेम’ म्हटलं की नव्वदच्या दशकात वाढलेला माणूस लगेच हसतो. निन्टेन्डो या जपानी कंपनीचं अस्सल यंत्र आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिलं. चाळीत आणि वाड्यात आली ती त्याची स्वस्त नक्कल. तिच्यासोबत पिवळी कॅसेट, कॅसेटवर हजारो गेमचा दावा, आत तेच ते मोजके गेम फिरून फिरून, आणि डब्यात प्लास्टिकची एक बंदूक. मे महिन्याच्या सुट्टीत त्या बंदुकीसाठी भावंडांत भांडणं व्हायची. गेमकडे ढुंकूनही न बघणारी आजीसुद्धा एकदा तरी नेम धरून बघायची, कारण बंदूक कशी चालवायची हे कुणी शिकवावं लागत नाही.

अलीकडे ती बंदूक पुन्हा हातात घेतली. समोर भिंतीवरचा नवा, सपाट टीव्ही. खेळ सुरू झाला. निळं आकाश, गवत, वास काढत येणारा कुत्रा, सगळं जागच्या जागी होतं. बदक उडालं, चाप ओढला, पडदा लखकन चमकला आणि बदक निघून गेलं. पुढचंही गेलं. काचेला नळी टेकवून मारलं तरी तेच. दरवेळी कुत्रा गवतातून वर येऊन हसत होता. मग तेच यंत्र आणि तीच बंदूक घेऊन एका ओळखीच्या टीव्ही मेकॅनिकच्या दुकानात गेलो. कोपऱ्यात पिक्चर ट्यूबचा २१ इंची जुना संच होता, त्याला पिना जोडल्या. पहिल्याच नेमाला बदक पडलं.

असं का होतं, ते एकदा नीट समजून घ्यायला हवं, कारण या खेळाचा जीव तिथेच आहे. ही बंदूक काहीच सोडत नाही, ती बघते. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक छोटा सेन्सर आहे. चाप ओढला की खेळ क्षणभर सगळा पडदा काळा करतो, आणि लगेच पुढच्या चित्रात बदकाच्या जागी फक्त एक पांढरा चौकोन काढतो. आधी अंधार आणि मग उजेड असं सेन्सरला दिसलं, तर नेम लागला. दोन बदकं असतील तर दोन चौकोन एकामागून एक येतात, आणि उजेड कोणत्या वेळी दिसला त्यावरून कोणतं बदक पडलं ते ठरतं. मूळ यंत्रावर सेकंदाला ६० चित्रं येतात, म्हणजे हा सगळा न्यायनिवाडा डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकतो. जुन्या ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत ओळीमागून ओळ रंगवत जातो, त्यामुळे यंत्राने पाठवलेलं चित्र त्याच क्षणी काचेवर उमटतं. सपाट टीव्ही मात्र आलेलं चित्र आधी स्वतःकडे घेतो, त्यावर प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो. तोवर खेळाची तपासणी संपलेली असते. शिवाय निन्टेन्डोच्या मूळ बंदुकीतलं सर्किट सेकंदाला सुमारे पंधरा हजार ओळी काढणाऱ्या झोताची थरथर ओळखण्यासाठीच बेतलेलं होतं. खोलीतल्या दिव्याने ती फसू नये म्हणून केलेली ही योजना. सपाट पडद्यावर ती थरथरच नसते.

ही बंदूक एका दिवसात सुचलेली नाही. सौर सेल विकणाऱ्या शार्प कंपनीतले मासायुकी उएमुरा पुढे क्योतोच्या निन्टेन्डोत आले. त्यांनी आणि निन्टेन्डोच्या गुन्पेई योकोई यांनी मिळून १९७० साली प्रकाशाच्या बंदुकीचं खेळणं काढलं. १९७३ मध्ये ओस पडलेल्या बोलिंगच्या दालनांत तीच कल्पना मोठ्या प्रमाणावर मांडली गेली. १९७६ मध्ये भिंतीवर बदकाची प्रतिमा टाकणारा घरगुती संच आला, आणि १९८४ साली ते बदक टीव्हीच्या काचेत शिरलं. निन्टेन्डोच्या ज्या फॅमिकॉम यंत्रावर तो खेळ चालला, तेही उएमुरांच्याच देखरेखीखाली घडलं होतं. निवृत्तीनंतर हे गृहस्थ रित्सुमेइकान विद्यापीठात शिकवू लागले आणि जुने खेळ जतन करण्याच्या कामात रमले. २०२१ च्या डिसेंबरमध्ये ते गेले. आपण बनवलेली वस्तू पुढच्या पिढीला वापरता यावी याची काळजी त्यांनी स्वतः घेतली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

‘फोनवर मिळतो की तो गेम!’ असं लोक म्हणतात. मिळतो. अख्खा ‘डक हंट’ २४ किलोबाइटचा आहे, व्हॉट्सअॅपवरच्या एका फोटोहून लहान. त्याची प्रत जगभर हजारो ठिकाणी सुरक्षित असेल. पण बोटाने बदकावर टिचकी मारणं म्हणजे तो खेळ नव्हे. लांब केलेला हात, चापाच्या स्प्रिंगचा खट्ट आवाज, लखकन उजळणारी खोली आणि बाजूला आपल्या पाळीची वाट बघणारा भाऊ, हे सगळं मिळून तो खेळ होतो. (एका बदकाच्या डावात दुसऱ्या रिमोटने बदक उडवता येतं, हे आमच्यापैकी फार थोड्यांना माहीत होतं. बदक भावाच्या हातात असलं की तोच खेळ निराळा होतो.) दूरदर्शनच्या काळात टीव्ही दाखवेल ते आपण मुकाट बघायचो. आपण काही केलं आणि काचेने उत्तर दिलं, हा अनुभव अनेक मराठी घरांना पहिल्यांदा या बंदुकीने दिला. हा आपल्या घरगुती इतिहासाचा भाग आहे.

तो जपण्याचं काम कंपन्या करतील या आशेवर राहू नका. निन्टेन्डोने २०१४ मध्ये ‘डक हंट’ वी यू यंत्रासाठी पुन्हा आणला, नव्या रिमोटने नेम धरता येईल असा. २०२३ च्या मार्चमध्ये त्या यंत्राचं ऑनलाइन दुकानच बंद झालं आणि ती वाटही मिटली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने केलेल्या पाहणीत दिसलं, की तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आता बाजारात मिळतच नाहीत. आणि पिक्चर ट्यूब? तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगावला व्हिडिओकॉनचे टीव्ही तयार होत, गावोगाव जात. आज घरगुती टीव्हीसाठी नवी ट्यूब मोठ्या प्रमाणावर कुठेच बनत नाही. भंगारात फुटलेली प्रत्येक ट्यूब ही उरलेल्यांतून कायमची वजा होते.

म्हणून हे सगळ्यांना सांगणं आहे. घरातला जुना संच चालू असेल तर तो ठेवा. ओल आणि उंदरांपासून जपा, वर ओझं रचू नका, अधूनमधून थोडा वेळ सुरू करा. जागाच नसेल तर तो सांभाळणाऱ्या माणसाला द्या, फुकट द्यावा लागला तरी द्या. मागचं झाकण स्वतः कधीही उघडू नका. रंगीत ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ तो भार आत राहू शकतो. बंदूक आणि कॅसेटी वेगळ्या पिशवीत ठेवा, खोक्यासकट असतील तर खोकंही ठेवा. आपल्या घरांत आलेल्या नकली यंत्रांचा नीट इतिहास फारसा कुणी लिहिलेला नाही, आणि खोक्यावरची छपाई हा त्याचा पुरावा आहे.

त्याहून तातडीचं काम माणसांचं आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, तालुक्याच्या बाजारपेठेत ट्यूबचे टीव्ही दुरुस्त करणारे मेकॅनिक अजून आहेत, पण ते आता साठी-सत्तरीचे आहेत. ट्यूबला उच्च दाब पुरवणारा फ्लायबॅक गेला हे कशावरून ओळखायचं, झोत वळवणारा योक कसा सरकवायचा, कोणता कपॅसिटर आधी फुगतो, ही विद्या त्यांच्या हातात आहे, आणि मराठीत ती जवळपास कुठेच लिहिलेली नाही. त्यांच्या शेजारी बसा, त्यांच्या परवानगीने मोबाइलवर चित्रण करा, त्यांच्याच शब्दांत नोंदी घ्या. आयटीआय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागांनी हे विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून द्यावं. एवढा जिवंत प्रकल्प त्यांना दुसरा मिळणार नाही.

आणि संग्रहालयांनो, तुमच्याकडेही मागणं आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या गोळा केल्या, तेव्हा त्या कुणाला संग्रहालयात ठेवण्याजोग्या वाटत होत्या? आज त्याच वस्तूंपुढे लोक थबकतात. केळकर संग्रहालयाने, वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राने, जिल्ह्याजिल्ह्यातल्या विज्ञान केंद्रांनी ट्यूबचा एक चालू संच मांडावा, त्याला यंत्र आणि बंदूक जोडावी आणि मुलांच्या हातात द्यावी. काचेच्या पेटीत बंद करून मात्र ठेवू नये. प्रकाश, सेन्सर, इलेक्ट्रॉनचा झोत हे सगळं शिकवणारा इतका सोपा प्रयोग त्यांच्याकडे क्वचितच असेल. संच मिळवणं अवघड नाही. आवाहन केलं तर लोक स्वतः आणून देतील.

ट्यूब खरोखरच गेली असेल, तर मेकॅनिकला विचारून सर्किट बोर्डाचे उपयोगी भाग काढून घ्या. उरलेला संच अधिकृत ई-कचरा केंद्रातच द्या, कारण त्या काचेत शिसं असतं आणि काच उघड्यावर फोडणाऱ्याच्या अंगात ते जातं. बाकी सगळे संच मात्र दिवाळीच्या साफसफाईत बाहेर काढण्याआधी एकदा पिन लावून बघा. चित्र आलं, तर मेकॅनिकला दाखवा आणि आपल्या जवळच्या विज्ञान केंद्राला एक पत्र लिहा.