अर्धा तास तिच्या स्वतःचा



गेले काही महिने आमच्या बैठकांमध्ये एक प्रश्न वारंवार येतो आहे. गरोदर मुली विचारतात, त्यांच्या आयाही विचारतात, ‘मोबाइलवर व्हिडिओ लावून घरच्या घरी योगासनं केली तर चालतात का?’ प्रश्न साधा आहे आणि त्याचं उत्तरही बऱ्याच अंशी सरळ आहे. गरोदरपणात काही गुंतागुंत नसेल, तर थोडी पथ्यं पाळून जरूर चालतात. बहुतेकींना त्यांचा फायदाच होतो. पण या प्रश्नाच्या मागे आणखी एक प्रश्न आहे, जो सहसा कुणी विचारत नाही. ही आसनं करायची कोणासाठी? मला आज त्याबद्दल बोलायचं आहे.

घरी व्हिडिओ लावून व्यायाम करणं काही आजचं नाही. अमेरिकेत जेन फोंडाची व्यायामाची पहिली व्हिडिओ कॅसेट १९८२ साली आली आणि पाठोपाठ १९८३ मध्ये गरोदर व बाळंतिणींसाठीची कॅसेट आली. इथे पुण्यात गीता अय्यंगारांनी बायकांच्या शरीराचा, पाळीचा, गरोदरपणाचा वेगळा विचार करून योग शिकवला. ‘योगा: अ जेम फॉर विमेन’ हे त्यांचं पुस्तकही १९८३ सालचं. आज मोबाइलमुळे हे शिक्षण घराघरात पोचलंय. त्याची थट्टा करावी असं मला वाटत नाही. वर्गाला जायचं तर फी लागते, रिक्षाचे पैसे लागतात, सोबत लागते आणि बहुतेक घरांत परवानगीही लागते. तालुक्याच्या गावात गरोदर बायकांसाठी वेगळा वर्ग क्वचितच असतो. २०२० च्या टाळेबंदीत तर असलेले वर्गही बंद झाले होते. अशा वेळी चार भिंतींच्या आत का होईना, मुलींना आपलं शरीर हलवायची, श्वासाकडे लक्ष द्यायची एक वाट सापडली. ती बंद करायचं कारण नाही.

पण ही वाट किती जणींसाठी खुली आहे, हेही पाहायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) असं दिसलं, की १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के बायकांकडे स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या जेमतेम ३३ टक्के होत्या. म्हणजे फोन पुष्कळदा नवऱ्याचा असतो. तो संध्याकाळी घरी येतो आणि नेमकी तीच स्वयंपाकाची वेळ असते. मग आसनं करायची केव्हा?

आता पथ्यांचं बोलू. व्हिडिओतली शिक्षिका आपल्याला दिसते, पण तिला आपण दिसत नाही, हे पहिलं लक्षात ठेवायचं. आपला तोल गेला, श्वास अडकला, चेहरा पांढराफटक पडला, तरी ती पुढचं आसन सांगतच राहते. वर्गात शिक्षिका जे पाहते ते इथे आपलं आपणच पाहायचं असतं. म्हणून सुरुवात करण्याआधी डॉक्टरांशी किंवा नर्सताईंशी बोलणं आवश्यक आहे. वार खाली असेल, रक्तदाब वाढलेला असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, रक्तस्राव होत असेल, रक्त फारच कमी असेल, तर आपल्या मनाने काहीही करायचं नाही. बाकीच्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. गरोदरपणात शरीरातले सांधे सैल होतात, त्यामुळे ताण नेहमीपेक्षा जास्त देता येतो; नेमका तिथेच धोका असतो. पोट वाढतं तसा तोल बदलतो, म्हणून उभ्याने करायची आसनं भिंतीच्या किंवा खुर्चीच्या आधाराने करावीत. पहिले तीन महिने झाल्यावर बराच वेळ उताणं पडून राहू नये, कारण गर्भाशयाच्या भाराने मोठी रक्तवाहिनी दाबली जाते आणि घेरी येते. शवासन कुशीवर पडूनही होतं. पोटावर भार येणारी, पोट पिळणारी आसनं, श्वास कोंडून धरणं, कपालभाती हे टाळावं. पूर्वी कधी आसनं न केलेल्या बाईने शीर्षासनासारखे प्रकार गरोदरपणात सुरू करू नयेत. तापवलेल्या खोलीतले योगाचे प्रकारही नकोत. व्यायाम करता करता बोलता येत असेल तर झेपतंय असं समजावं. अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, पोटात कळा येऊ लागल्या, छातीत दुखलं, डोकं ठणकलं, चक्कर आली, एका पोटरीला सूज येऊन दुखू लागली, तर तिथेच थांबून दवाखाना गाठायचा. व्हिडिओ पुरा करण्याचं बंधन कुणावर नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्यानुसार, ज्यांना काही अडचण नाही अशा गरोदर बायकांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम स्वरूपाची हालचाल करावी. त्यामुळे प्रमाणाबाहेर वजन वाढणं, गरोदरपणातला मधुमेह, रक्तदाबाची गुंतागुंत यांचा धोका कमी होतो. पंचवीस-तीस मिनिटं म्हटली तर आठवड्याचे पाच-सहा दिवस झाले. भरभर चालणंही त्यात आलं. आसनांनी स्नायूंना बळ मिळतं, पाठ मोकळी होते, मन थोडं निवांत होतं. पण चालणं त्यांच्या जोडीला हवंच.

इथे घरातून एक हुकमी वाक्य येतं. ‘आमच्या वेळी कुठे होती ही थेरं? दळण-कांडण केलं, विहिरीचं पाणी ओढलं, नववा महिना संपेपर्यंत फरशा पुसल्या, झाली बाळंतपणं.’ हे बोलणाऱ्या सासूबाईंचे कष्ट मी नाकारत नाही. त्यांना कुणी विश्रांती दिली नाही हे खरंच आहे. पण त्यांचे कष्ट सुनेने पुन्हा उपसावेत, हा त्याचा न्याय होऊ शकत नाही. घरकाम आणि व्यायाम यांत फरक आहे. व्यायाम दुखलं की थांबवता येतो, घरकाम थांबवता येत नाही. व्यायामाच्या शेवटी विश्रांती असते, घरकामाच्या शेवटी दुसरं घरकाम असतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात गेलेली दिसतात, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. या दोन आकड्यांमधल्या फरकात बायकांचे कितीतरी अर्धे तास अडकून पडले आहेत. ऊसतोडीला गेलेली बाई तर सातव्या-आठव्या महिन्यातही डोक्यावर मोळी वाहते. तिला चटईची नाही, हलक्या कामाची, बुडणार नाही अशा मजुरीची आणि विश्रांतीची गरज आहे. तिला ‘थोडा व्यायाम करत जा’ असं सांगणं ही क्रूर चेष्टा होईल.

आता मघाचा मूळ प्रश्न. कोणासाठी? यातले अनेक व्हिडिओ पाहिले तर जवळपास प्रत्येक वाक्याचा शेवट बाळाशी होतो. बाळ हुशार व्हावं म्हणून हे आसन, बाळ शांत व्हावं म्हणून तो श्वास. गर्भसंस्काराचा बाजार याच सुरात बोलतो. २०१७ साली आयुष मंत्रालयाच्या योग व निसर्गोपचार परिषदेची एक पुस्तिका निघाली होती. गरोदर बायकांनी मांस, अंडी वर्ज्य करावीत, इच्छा, क्रोध, आसक्ती यांच्यापासून दूर राहावं, असा त्यातला उपदेश होता. ज्या देशात निम्म्याहून अधिक गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आहे (याच पाचव्या फेरीत हे प्रमाण ५२ टक्के होतं), तिथे बाईच्या ताटातलं अंडं काढून घेणारा हा सल्ला! आणि राग येऊ द्यायचा नाही म्हणे. नवरा फोन देत नाही, सासर दम खाऊ देत नाही, कारखानदार रजा देत नाही, तरी तिने प्रसन्न राहायचं; कारण ती चिडली तर बाळ चिडकं होईल. बाहेर घडणाऱ्या प्रत्येक अन्यायाची जबाबदारी तिच्या मनावर टाकण्याची ही युक्ती आहे.

याच युक्तीचं दुसरं रूप म्हणजे ‘नॉर्मल डिलिव्हरी’ची हमी. हे व्हिडिओ नियमित केले तर सिझेरियन टळतं, असं बेधडक सांगितलं जातं. व्यायामाने बाईची ताकद वाढते हे खरं, पण हमी कुणालाच देता येत नाही. याच सर्वेक्षणात खाजगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी ४७ टक्के सिझेरियनने झालेली दिसतात आणि सरकारी दवाखान्यांतली सुमारे १४ टक्के. एवढी मोठी तफावत बायकांनी आसनं केली की नाहीत, यावरून पडलेली नाही. दवाखान्यांचे हिशेब, डॉक्टरांची सवड, भीती, खरी वैद्यकीय गरज अशी त्याची अनेक कारणं आहेत. पण हमीवर विश्वास ठेवून सहा महिने चटईवर घाम गाळलेल्या मुलीचं सिझेरियन झालं, की ती स्वतःलाच बोल लावते. ‘माझंच काहीतरी कमी पडलं’ असं म्हणणाऱ्या मुली आमच्याकडे येतात. त्यांना मी एवढंच सांगते, की बाळंतपण ही परीक्षा नाही आणि आसनं म्हणजे तिची गाइडं नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं, की गरोदर बाईने व्यायाम करावा तो आधी स्वतःसाठी. तिची पाठ दुखू नये, तिला झोप लागावी, तिला आपल्या बदलत्या शरीराची ओळख व्हावी म्हणून. बाळाला त्याचा लाभ होईल तो आनंदाचाच आहे, पण तिच्या शरीराला मान मिळण्यासाठी बाळाची शिफारस लागू नये. अमेरिकेत बॉस्टनच्या बायकांनी १९७० च्या सुमाराला स्वतःच्या शरीराबद्दल स्वतः माहिती गोळा करून पुस्तक काढलं, तेव्हापासून जगभरची स्त्री-चळवळ हेच सांगत आली आहे. आपलं शरीर आपल्याला कळलं पाहिजे आणि त्याबद्दलचा निर्णयही आपला असला पाहिजे.

आपण काय करू शकतो? अंगणवाडीची किंवा महिला मंडळाची खोली आठवड्यातून एक-दोन दुपारी मागून घ्यावी. एक फोन, चार सतरंज्या, गरोदर बायका आणि आशाताई किंवा नर्सताई एवढ्यावर काम भागतं. व्हिडिओ तोच, पण एकीचा तोल गेला तर दुसरी सावरेल, एकीच्या मनातली शंका दुसरी विचारेल. त्याच वेळी लोहाच्या गोळ्या मिळाल्या का, वजन-रक्तदाब तपासला का, याचीही चौकशी होईल. २०१६ पासून सुरू असलेल्या सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. तिथेही मिळूनच जाता येईल.

आणि घरातल्यांना मागायचं ते थोडकंच आहे. रोज अर्धा तास दाराला कडी, फोन तिच्या हातात आणि तेवढा वेळ चुलीपाशी दुसरं कुणीतरी. बाळंतपणानंतरही हा अर्धा तास तिचाच राहावा, कारण बाळ आल्यावर तो सगळ्यात आधी हिरावला जातो. तुमच्या घरी, वस्तीत, कामाच्या ठिकाणी हे कसं जमलं, कुठे अडलं, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.