पासिंग झालं, पण ब्रेक लागतो का?

हॉस्टेलात सेकंडहँड बाईक विकायला निघाली की एक वाक्य हमखास कानावर येतं. "पासिंग झालंय, 2029 पर्यंत टेन्शन नाही!" हे ऐकलं की घेणारा ज्युनिअर खूश. दोन-तीन हजार जास्त मोजायलाही तयार. माझं म्हणणं असं, की पासिंग झालेलं असणं आणि गाडी धड असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्यासारख्या इंजिनिअरिंगच्या पोरांना तरी हे कळायला हवं.

आधी नियम बघू. मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षं चालते. या 15 वर्षांत पीयूसी सोडली तर तपासणी म्हणून गाडीकडे कोणी बघत नाही. रिक्षा-ट्रकला ठराविक काळाने फिटनेस काढावा लागतो, आपल्याला नाही. 15 वर्षं संपायच्या 60 दिवस आत फॉर्म 25 भरायचा, फी भरायची, गाडी नेऊन दाखवायची. पास झाली की पुढची 5 वर्षं मोकळे. म्हणजे शोरूममधून निघाल्यापासून वीस वर्षांत परीक्षा एकदाच! आपल्याला दर सेमिस्टरला असतात, आणि तरी आपण काय शिकतो ते आपलं आपल्याला माहीत.

आणि या एकमेव परीक्षेत छोटी बाईक सहसा नापास होत नाही. रूममेटच्या घरची 2009 ची स्प्लेंडर रिन्यू करायची होती तेव्हा मी त्याच्या गावी सोबत गेलो होतो. (गाव दुसऱ्या जिल्ह्यातलं.) तिथल्या मेकॅनिकला सगळे आयएमपी प्रश्न पाठ! दोन नवे इंडिकेटर लावले, हॉर्न बदलला, दोन्ही आरसे बसवले, नंबर प्लेट नियमाची केली, टाकीवर पॉलिश मारलं. खरी मेहनत लागली ती चेसिस नंबरला. हँडलखाली फ्रेमवर कोरलेला तो नंबर गंजाखाली गेला होता. तो पॉलिश पेपरने घासून, ग्रीस लावून वाचण्याजोगा केला, मग कागदावर पेन्सिलने छाप घेतली. आणि ब्रेक? मागच्या रॉडचा नट दोन आटे आवळला. आतला लायनर तोच, गुळगुळीत झालेला. गाडी पहिल्या फेरीत पास.

यात मी तपासणाऱ्या साहेबांना दोष देत नाही. मागे गाड्यांची रांग, हाताशी ब्रेकचा जोर मोजणारं यंत्र नाही. डोळ्यांना दिसतं ते तपासलं जातं. दिवा लागतो की नाही हे दिसतं. ड्रमच्या आत काय उरलंय ते चाक काढल्याशिवाय दिसत नाही. आपल्या पार्किंगमधल्या रिन्यू करून आणलेल्या गाड्यांच्या मालकांना मी विचारून बघितलं. कोणाची कागदासाठी परत आली होती, कोणाची नंबर प्लेटसाठी. ब्रेकमुळे परत आलेली एकही सापडली नाही.

पीयूसीचंही असंच. मार्च 2000 नंतरच्या जुन्या फोर-स्ट्रोक दुचाकीला मर्यादा आहे कार्बन मोनॉक्साइड 3.5 टक्के आणि हायड्रोकार्बन 4500 पीपीएम. आकडे ठीक आहेत, पण ते मोजतात गाडी उभी असताना, आयडलवर. कार्ब्युरेटरची गाडी आयडलला असते तेव्हा पेट्रोल पायलट जेटमधून येतं. एअर स्क्रू थोडा फिरवून मिश्रण पातळ केलं की कार्बन मोनॉक्साइड खाली. (जास्त फिरवला तर मिसफायर होऊन हायड्रोकार्बन वर उडतो, तेवढं मेकॅनिक सांभाळतो.) चढावर थ्रॉटल उघडून गाडी धूर सोडते तो नीडल आणि मेन जेटचा कारभार. त्याची परीक्षा कोणी घेतच नाही.

आता हे सगळं दापोलीत का महत्त्वाचं? दापोली समुद्रसपाटीपासून साधारण 800 फुटांवर. हर्णै, मुरुड, कर्दे, दाभोळ, कुठेही जा, जाताना उतार आहेच. वर पाऊस साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि खारी हवा. ब्रेकची केबल इथे आतून गंजते, सायलेन्सर खालून सडतो, ड्रममध्ये पाणी शिरलं की पहिले दोन-तीन ब्रेक नुसते दाबायचे, लागत नाहीत.

थोडं गणित करू, फर्स्ट इयरचंच आहे. ताशी 40 किमी म्हणजे सेकंदाला 11.1 मीटर. ब्रेक चांगला असेल आणि मंदन 4 मीटर प्रति सेकंद वर्ग मिळालं, तर सपाटीवर गाडी साधारण 15 मीटरमध्ये थांबते. लायनर झिजून तेच 2.5 वर आलं तर 25 मीटर. दहा मीटरचा फरक, सपाटीवर निभावून जाईल. आता 12 मीटरला 1 मीटर उतार घ्या. गुरुत्वाकर्षण 0.8 खाऊन टाकतं. चांगली गाडी 19 मीटरला थांबते, झिजलेली जवळजवळ 37 मीटरला. म्हणजे दुप्पट! यात ब्रेक दाबायला लागलेला वेळ धरलेलाच नाही, आणि मागे डबलसीट बसलेला दोस्तही नाही. दोन्ही गाड्यांच्या आर.सी.वर मात्र तारीख एकच, 2029.

इंग्लंडमध्ये तीन वर्षं झाली की दुचाकीला दरवर्षी तपासणी असते आणि ब्रेकचा जोर मोजला जातो. उलट जपानने 250 सीसी आणि त्याखालच्या मोटारसायकलींना सक्तीच्या तपासणीतून सरळ वगळलंय, तुमची गाडी तुम्ही सांभाळा! मला जपानचं जास्त प्रामाणिक वाटतं. तिथे निदान कागद दाखवून कोणी गाडी खपवू शकत नाही. आपलं मधलंच काहीतरी आहे.

खर्चाचंही बघा. 1 एप्रिल 2022 पासून दुचाकीच्या रिन्युअलची फी 300 वरून 1000 झाली, 20 वर्षांवरच्या गाडीला 2025 मध्ये 2000 केली. 15 वर्षांनंतरचा पर्यावरण कर राज्याने 2010 साली आणला तेव्हाच दुचाकीला पाच वर्षांचे 2000 ठरवला होता. एवढे पैसे आपण कुरकुरत का होईना, भरतो. ब्रेक शूची जोडी दोन-तीनशेला मिळते, ती मात्र "पुढच्या महिन्यात बघू."

जाता जाता सिनिअर लोकांसाठी. आपल्याकडे गाडी तीन-तीन बॅचेस फिरते आणि आर.सी. पहिल्याच मालकाच्या नावावर. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलंय, की अपघाताच्या भरपाईला नोंदलेला मालक जबाबदार, गाडी कितीही हात फिरलेली असली तरी. तेव्हा फॉर्म 29 आणि 30 भरा आणि मगच पार्टी द्या.

माझी सूचना साधी आहे. मे अखेरीस, पाऊस सुरू व्हायच्या आत, एका रविवारी वर्कशॉप आपल्याला उघडून मिळावं. चाकं काढून लायनर बघायचे, केबलला तेल सोडायचं, कोन सेट हलतो का ते बघायचं. मग मागच्या सपाट रस्त्यावर खडूची रेघ मारून ताशी 30 ला ब्रेक लावायचा, हेल्मेट घालून, आणि टेपने अंतर मोजायचं. आलेला आकडा गाडीच्या नंबरसकट नोटीस बोर्डावर लावायचा. मग ज्युनिअरने गाडी घेताना पासिंगची तारीख विचारण्याऐवजी तो आकडा वाचावा. रेक्टर सरांशी एकदा बोललो, ते म्हणाले, "यादी करून आणा." आत्तापर्यंत यादीत अकरा गाड्या आहेत. ज्यांना नाव घालायचंय त्यांनी मेसमध्ये रात्रीच्या जेवणाला गाठावं. टेप आणि खडू माझ्याकडे आहेत, 17 नंबरचा पाना कोणाकडे असेल तर आणा.