चेन मोजून बदला

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्सच्या कारखान्यात इंजिनाचे कॅमशाफ्ट तयार होतात. अशा कामात जर्नलचा व्यास मायक्रॉनमध्ये मोजला जातो आणि मापात न बसणारा नग, दिसायला कितीही गुळगुळीत असला, तरी बाजूला पडतो. याच वसाहतीतल्या कामगारांच्या मोटरसायकली आपल्या गॅरेजमध्ये येतात, तेव्हा चेन चांगली की गेलेली याचा निकाल मात्र अंगठ्याने वर-खाली हलवून लागतो. ढिली वाटली तर टाइट करा, टाइट होईनाशी झाली तर कडी काढा, तेही जमेना तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटचे किट टाका. या पद्धतीत चेन कधी वेळेआधी फेकली जाते, कधी वेळ टळून गेल्यावरही चालवली जाते, आणि दोन्ही वेळा भुर्दंड गिऱ्हाइकालाच पडतो. आमचे म्हणणे एवढेच आहे: चेनची झीज मोजता येते, तेव्हा चेन मोजूनच बदलावी आणि ते माप लिहून ठेवावे.

आधी ढिलेपणा आणि झीज या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. ‘चेन ताणली’ असे आपण सर्रास म्हणतो; प्रत्यक्षात पोलादी पट्ट्या ताणल्या जात नाहीत. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टरला बुश-रोलर चेनचे पेटंट घेतले, तेव्हापासून तिची रचना मुळात तीच आहे. बाहेरच्या पट्ट्यांत घट्ट बसवलेली पिन आतल्या पट्ट्यांच्या बुशमध्ये वळते आणि बुशवर रोलर फिरतो. स्प्रॉकेटवर चढताना आणि उतरताना प्रत्येक सांधा वळतो, म्हणजे चेनच्या एका फेऱ्यात चार वेळा. पुढे १४ आणि मागे ४२ दात, १०४ कड्यांची चेन आणि एका फेऱ्यात १.९ मीटर जाणारे चाक असा हिशेब धरला, तर दर किलोमीटरला प्रत्येक सांधा सुमारे ८५० वेळा वळतो. सोलापूरहून चिंचोळीला जाऊन-येऊन रोजचे तीस किलोमीटर आणि महिन्याच्या २५ पाळ्या धरल्या, तर ७५० किलोमीटरमध्ये हा आकडा सहा लाखांच्या पुढे जातो. एवढ्या वळण्यात पिन आणि बुश थोडे थोडे झिजतात, सांध्यात जागा होते आणि शंभरावर सांध्यांतली ही जागा मिळून चेन लांब होते. पिन-बुशचा खरा कडकपणा पृष्ठभागावरच्या थरात असतो. तो थर संपला की पुढची झीज झपाट्याने होते. ढिलेपणा अ‍ॅडजस्टरने निघतो, झीज कशानेच निघत नाही.

हे ध्यानात ठेवून कडी काढण्याच्या प्रथेचा हिशेब मांडून पाहावा. ४२८ नंबरच्या चेनचा पिच, म्हणजे एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर, १२.७ मिमी असते. १०४ कड्यांची नवी चेन सुमारे १३२१ मिमी भरते. अशा चेनची वाढ साधारण दोन टक्क्यांपर्यंतच चालवून घ्यायची असते, आणि दोन टक्के म्हणजे सुमारे २६ मिमी. कडी काढायची तर एक आतली आणि एक बाहेरची अशी जोडीच काढावी लागते. तिची लांबी होते २५.४ मिमी. म्हणजे मूळ योग्य लांबीच्या चेनमधून जोडी काढण्याइतकी जागा झाली, तेव्हाच चेन आपले आयुष्य संपवून बसलेली असते. कडी काढावी लागणे हाच चेन बदलण्याचा कौल आहे. आपण मात्र तोच कौल दडपून गाडी परत रस्त्यावर पाठवतो. उरलेल्या १०२ कड्यांचा पिच वाढलेलाच राहतो. रोलर दातांच्या तळाशी न बसता उतारावर चढतात, भार मोजक्या दातांवर येतो आणि दातांना आकडा येऊ लागतो. पुणे–हैदराबाद महामार्गावर उसाच्या ट्रॉल्यांच्या गर्दीत अशी चेन दातावरून उडाली किंवा तुटून पुढच्या स्प्रॉकेटपाशी अडकली, तर मागचे चाक जाम होऊ शकते. चार दिवस गाडी चालावी म्हणून कडी काढणाऱ्याने ही शक्यताही हिशेबात धरावी.

मोजण्याची रीत साधी आहे. चेनची सरळ बाजू ताणून धरावी आणि एका पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत, म्हणजे २० कड्यांचे, अंतर घ्यावे. ४२८ ची नवी चेन २५४ मिमी दाखवते; २५९ दिसले की ती संपली. फरक पाच मिलिमीटरचा असल्याने व्हर्निअरही लागत नाही, ३०० मिमीची स्टीलची पट्टी पुरते. कड्या सम संख्येतच मोजाव्यात, कारण झिजेची वाढ प्रत्येक कडीत दिसत नाही. पिनेपासून पिनेपर्यंत मोजले तर ती एकाआड एक कडीत जमलेली असते. चाक फिरवून तीन ठिकाणी माप घ्यावे आणि सर्वांत मोठे माप धरावे, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. ५२० च्या चेनचा पिच १५.८७५ मिमी, म्हणजे २० कड्यांचे ३१७.५ मिमी होतात. कोणत्याही गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच अंतिम मानावी.

यावर पहिला आक्षेप अनुभवी हातांचा असतो. वर्षानुवर्षे चेन हाताळलेल्या मिस्त्रीला पट्टीची गरज काय? हाताच्या अनुभवाला कमी लेखायचे कारण नाही, पण तो अनुभव नेमका कशाचा आहे हे पाहावे. अंगठ्याला कळतो तो ढिलेपणा, आणि आदल्या दिवशी टाइट केलेली पूर्ण झिजलेली चेनही अंगठ्याला तंदुरुस्तच वाटते. उलट नवी चेन नुसती ढिली असेल तरी ‘गेली’ वाटू शकते. शिवाय अंगठा बहुधा टाइटकडे झुकतो, कारण टाइट चेन वाजत नाही आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन लगेच परत येत नाही. पण स्विंगआर्म ज्या बोल्टवर हलतो त्याचा आणि पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य एक नसतो. मागे माणूस बसून सस्पेन्शन दबले की चेन आणखी ताणली जाते. तेवढी जागा ठेवली नाही तर भार गिअरबॉक्सच्या आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर जातो. म्हणून ढिलेपणाही चेन सर्वांत घट्ट असेल त्या ठिकाणी, कंपनीने दिलेल्या मापानेच ठेवावा. ड्रम ब्रेकच्या गाडीत चाक मागे सरकले की ब्रेकच्या पायडलचा खेळही बदलतो, तो पुन्हा जुळवल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये.

दुसरा आक्षेप वेळेचा. पाळी सुटायच्या आत दहा गाड्या द्यायच्या असतात, त्यात बंद चेन कव्हर खोलून पट्टी कोण लावणार? पण आपल्याकडे सर्व्हिसिंगला मागचे चाक काढून ब्रेक शू साफ करण्याची रीत आहेच. चेन त्याच वेळी हाताशी येते आणि चाक परत बसवून ती ताणल्यावर तीन मापे घ्यायला दोन मिनिटेही लागत नाहीत. या दोन मिनिटांमुळे अर्धवट बदलाचा मोहही टळतो. फक्त चेन किंवा फक्त पुढचे स्प्रॉकेट बदलणे स्वस्त दिसते, पण झिजलेले दात झिजलेल्या पिचला जुळलेले असतात. त्यांच्यावर १२.७ मिमीची नवी चेन नीट बसत नाही आणि लवकर जाते. त्यात १४ दातांच्या पुढच्या स्प्रॉकेटचा प्रत्येक दात मागच्या ४२ दातांतल्या एकेका दाताच्या तिप्पट वेळा कामाला लागतो, त्यामुळे आकडा आधी तिथे येतो. चेन मर्यादेला पोचली असेल तर तिन्ही नग एकदम बदलणेच अखेर स्वस्त पडते.

तिसरा आक्षेप विश्वासाचा आहे आणि तोच सर्वांत खरा. गिऱ्हाइकाला वाटते, मिस्त्री किट खपवतोय. हा संशय आपणच पोसला आहे, कारण आपल्याकडे दाखवायला आकडा नसतो. चिंचोळीच्या गिऱ्हाइकाला आकडा समजतो. सीएनसीचा ऑपरेटर, फिटर, तपासणी विभागातला मुलगा रोज व्हर्निअर आणि गो-नो गो गेज हाताळतो. त्याच्यापुढे ‘गेली’ म्हणण्यापेक्षा पट्टी धरून २६० दाखवावे, वाद तिथेच मिटतो. २५६ निघाले तर ‘अजून चालेल’ असे सांगून गाडी परत द्यावी. त्या एका नकाराने पुढच्या दहा सल्ल्यांना वजन येते. नवे किट बसवतानाही २० कड्यांचे माप घेऊन ठेवावे, म्हणजे माल हलका निघाला तर पुढच्या दोन-तीन मापांतच तो उघडा पडतो.

माप म्हणजे सर्वस्व नव्हे, हेही मान्य करू. एखादी कडी आखडली असेल, रोलर तडकला किंवा गळाला असेल, दातांना आकडा आला असेल, तर २५५ मापाचीही चेन उतरवावीच लागते. पण हे दोष बहुतेकदा तेलाच्या हेळसांडीतून येतात. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यातली धूळ वरून थापलेल्या ग्रीसला चिकटली की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखी काम करते. घट्ट ग्रीस पिन-बुशच्या फटीत शिरतच नाही. इंजिनातून काढलेल्या काळ्या ऑइलमध्ये काजळी आणि धातूचे कण आधीच असतात. त्यापेक्षा साधी चेन रॉकेलने धुऊन कोरडी करावी आणि ९० नंबरचे गिअर ऑइल आतल्या बाजूने, रोलर आणि पट्ट्यांच्या फटीत सोडावे. ओ-रिंगच्या चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश लावू नये. साध्या चेनला साधारण ५०० किलोमीटरला तेल हवे असते. चिंचोळीला रोज जाणाऱ्याचे ते तीनेक आठवड्यांत भरतात आणि सर्व्हिसिंग येते तीन महिन्यांनी. मधले तेल गिऱ्हाइकानेच घालायचे आहे, तेव्हा ते कसे घालायचे हे गाडी देताना त्याला दाखवणे हा आपल्या कामाचा भाग आहे. दिसायला बरे म्हणून पूर्ण चेन कव्हर काढून मागणाऱ्यालाही धुळीचा हा हिशेब सांगावा, आणि कव्हरच्या भोकाचे हरवलेले रबरी झाकण न विसरता बसवावे.

सुरुवात करायला खर्च जवळपास नाही. जॉब कार्डावर तारीख आणि किलोमीटर यांच्या शेजारी ‘२० कड्या: … मिमी’ असा एक रकाना वाढवावा. जवळच्या मशिन शॉपमधून पोलादी पट्टीचे एक गेज करून घ्यावे: एका टोकाला पिनेच्या डाव्या कडेला टेकणारा आकडा, तिथून २५४ आणि २५९ मिमीवर दोन रेघा. एकविसाव्या पिनेची डावी कड दुसऱ्या रेघेवर गेली की किट, अलीकडे असेल तर तेल. वर्षभर असे रकाने भरले की कोणत्या मेकची चेन आपल्या रस्त्यांवर किती किलोमीटर टिकते आणि नियमित तेलाने त्यात किती भर पडते, याची उत्तरे आपल्याच गॅरेजच्या कागदांतून मिळू लागतील. पुढच्या सर्व्हिसिंगला येणाऱ्या पहिल्याच गाडीपासून हा रकाना भरायला घ्यावा.