एक ‘नाही’ पुरे!

‘‘अगं, बर्फात गाडल्या गेलेल्या माणसाला शोधायचा क्लास? आणि त्याचे पैसे भरलेस?’’ व्हिडिओ कॉलवर आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. डोंबिवलीत बसून सिएटलमधल्या मुलीची काळजी करायची म्हणजे आधीच फुल टाइम जॉब. त्यात हे नवीन!

तर मंडळी, झालं असं. ऑनसाइट आल्यावर पहिल्या हिवाळ्यात रिसॉर्टच्या उतारांवर धडपडत स्कीइंग शिकले. मग टीममधल्या एकीने बॅककंट्री स्की टूरिंगचं खूळ डोक्यात भरवलं. म्हणजे लिफ्ट नाही, तिकीट नाही, गर्दी नाही. स्कीच्या तळाला ‘स्किन्स’ नावाच्या मखमली पट्ट्या चिकटवायच्या. त्या पुढे सरकतात, मागे घसरत नाहीत. आपल्या पायांनी डोंगर चढायचा, वर पट्ट्या काढायच्या आणि सुसाट खाली! राजमाचीपासून हरिश्चंद्रगडापर्यंत पायपीट केलेल्या मुलीला आणखी काय हवं?

फक्त एक लोचा आहे. रिसॉर्टमध्ये स्की पट्रोलची माणसं स्फोटकं लावून धोक्याचा बर्फ आधीच पाडून टाकतात. बॅककंट्रीत आपलं आपणच. म्हणून हा तीन दिवसांचा अ‍ॅव्हलांच कोर्स. फक्त नवशिक्या मुलींसाठी, आणि शिकवणाऱ्याही बायकाच. ठिकाण स्नोक्वाल्मी पास, सिएटलपासून तासाभराच्या ड्राइव्हवर.

पहिल्याच दिवशी पहिला गैरसमज उडाला. मला वाटायचं, हिमस्खलन म्हणजे वरून कोसळणारी दैवी आपत्ती. छे! जीवघेण्या अपघातांत दहापैकी साधारण नऊ वेळा तो बर्फ अडकलेल्या माणसानेच, नाहीतर त्याच्या ग्रुपमधल्या कुणीतरी सुटा केलेला असतो. बर्फ थराथरांनी साचतो. मधला एखादा थर कच्चा राहिला आणि त्यावर आपलं वजन पडलं, की वरची अख्खी लादी सुटते. बहुतेक वेळा हे घडतं 30 ते 45 अंशांच्या उतारावर. आणि स्कीइंगला सगळ्यात धमाल कुठे येते? बरोब्बर, तिथेच!

दुसरा दिवस हत्यारांचा. बीकन, प्रोब आणि फावडं. बीकन अंगावर बांधायचा, तो सतत सिग्नल सोडतो. कुणी गाडलं गेलं, की बाकीच्यांनी आपापले बीकन ‘सर्च’वर टाकून तो सिग्नल पकडायचा, प्रोबची लांब काठी खुपसून माणूस नेमका कुठे आहे ते बघायचं आणि उताराच्या खालच्या बाजूने खणायला घ्यायचं. मी पहिल्यांदा शोधायला निघाले तर बीकनवरचे आकडे वेड्यासारखे नाचायला लागले. का? तर खिशातला मोबाइल चालूच होता! बर्फाखाली पुरलेली सॅक मिळेपर्यंत नऊ मिनिटं गेली, आणि खणणं तर अजून बाकीच. आता हिशेब ऐका. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं, तर माणूस वाचण्याची शक्यता 90 टक्क्यांच्या आसपास. अर्ध्या तासानंतर ती जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे रेस्क्यू टीमची वाट बघायला वेळच नाही. तुमची रेस्क्यू टीम म्हणजे तुमच्या शेजारची मैत्रीण!

पण खरा धडा यंत्रांचा नव्हता, तोंड उघडण्याचा होता. 19 फेब्रुवारी 2012. इथल्याच कॅस्केड पर्वतातल्या स्टीव्हन्स पासजवळचं टनेल क्रीक. सोळा जणांचा ग्रुप, त्यात एकाहून एक मुरलेले स्कीअर. हिमस्खलनाच्या धोक्याचा इशारा सगळ्यांसाठी जाहीर झालेला. काहींच्या मनात शंकाही होती. पण एवढे एक्स्पर्ट सोबत असताना आपण कोण बोलणार? बर्फ सुटला, तिघं गेले. एलिस सॉगस्टॅड ही प्रोफेशनल स्कीअर एअरबॅगमुळे वाचली. इयन मॅकॅमन या अभ्यासकाने अमेरिकेतल्या 700हून जास्त हिमस्खलन अपघातांचा अभ्यास करून दाखवलं, की माणसं अज्ञानापेक्षा असल्या सवयींनीच जास्त फसतात. ओळखीचा डोंगर, पुढच्यांच्या पावलांच्या खुणा आणि ‘लीडरला कळतं’ हा भरवसा.

हे ऐकताना मला आमचे सह्याद्रीतले ट्रेक आठवत होते. पुढे दादा लोक, मागे आपण. वाट चुकतेय असं वाटलं तरी गप्प. ऑफिसमधल्या मीटिंगचं काय वेगळं आहे? डेडलाइन पाळली जाणार नाही हे टेबलावरच्या सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे माना डोलावत असतात.

तिसऱ्या दिवशी आम्ही सहा जणी चढत होतो. नियम साधा होता. पुढे जायला सहाही जणींचा होकार हवा, मागे फिरायला एकीचा नकार पुरे. कारणाची चर्चा नंतर, खाली आल्यावर. वर पोचायला थोडंच अंतर राहिलं होतं. ऊन पडलेलं, समोर एकही रेघ न उमटलेला पांढराशुभ्र उतार. तेवढ्यात पायाखालून ‘व्हुम्फ’ असा दबका आवाज आला. आतला थर खचल्याची ही खूण, हे कालच शिकलेलो. बाकीच्या चालत राहिल्या. मीच नवखी, मीच स्लो, मीच सगळ्यात मागे. वाटलं, चुकून ऐकू आलं असेल. घसा कोरडा पडला. मग कसंबसं म्हणाले, ‘‘मला नाही जायचं.’’

कुणीही तोंड वाकडं केलं नाही. इन्स्ट्रक्टरने फक्त ‘ओके’ म्हटलं आणि आम्ही आडव्या वाटेने कमी चढाच्या झाडीतून खाली उतरलो. नंतर पुढची एक जण म्हणाली, ‘‘ऐकलं मीही होतं गं.’’ तो उतार सुटला असता का? ते कधीच कळणार नाही, आणि तेच बरं!

तुमच्यापैकी कुणी गुलमर्गचा प्लॅन करत असेल, तर गोंडोला तुम्हाला जवळजवळ 4,000 मीटरवर नेऊन सोडते, आणि तिथून आखलेल्या हद्दीबाहेर जायला फार वेळ लागत नाही. 2023 आणि 2024, दोन्ही वर्षी फेब्रुवारीत तिथे परदेशी स्कीअर हिमस्खलनात गेले. तेव्हा जॅकेटच्या खरेदीआधी शिकून घ्या, आणि ज्यांच्यासमोर ‘नाही’ म्हणता येईल अशाच लोकांबरोबर जा.

आईला सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘पैसे वसूल झाले म्हणायचे.’’