लग्नाचा वाढदिवस आणि पार्ट टू ऑर्डर

लग्नाच्या वाढदिवसाला केक नसला तरी चालतो, पण आपलं लग्न कसं झालं ते नवरा-बायकोनं एकमेकांना एकदा सांगितलंच पाहिजे, असं माझं ठाम मत झालं आहे. फौजी माणसाच्या घरात तर हे फार जरुरीचं आहे. का, ते सांगतो.

जवानाला वर्षाला 60 दिवस वार्षिक रजा आणि 30 दिवस किरकोळ रजा असते. कागदावर तीन महिने, पण त्यात पेरणी येते, दिवाळी येते, बहिणीचं लग्न येतं, आईचं आजारपण येतं. लग्नाच्या वाढदिवसासाठी रजा मागणारा जवान मी तरी अजून पाहिला नाही. त्यामुळं आमच्यातल्या बहुतेकांचे वाढदिवस फोनवरच पार पडतात. आणि फोनवर आठवणी कुठल्या निघतात? गॅस संपला, पोराची फी भरायची राहिली, बोअरला पाणी नाही, एवढं होईपर्यंत रेंज जाते. 'बरं, ठेवते' झालं की वाढदिवस संपला.

रायपूरची पोस्टिंग फॅमिली क्वार्टरसकट मिळाली म्हणून यंदाचा आमचा पंधरावा वाढदिवस एकत्र झाला. पंधरांपैकी हा चौथा. मे महिना, रायपूरचा उकाडा, कूलर नुसता आवाज करणारा. शेजारच्या छत्तीसगढी भाभी बसायला आल्या होत्या. त्यांच्याकडं लग्नाला 'बिहाव' म्हणतात आणि वऱ्हाडी मंडळींची टर उडवणारी 'भडौनी' गाणी बायका म्हणतात. त्यांनी दोन ओळी गाऊन दाखवल्या आणि हिला विचारलं, तुमच्याकडं काय करतात? हिनं उखाणा सांगितला. मग विषय निघाला तो रात्री बारापर्यंत संपला नाही.

आमच्या लग्नात वळीव पडला होता. मला तो पाऊस गमतीचा आठवतो. मांडवाची ताडपत्री फुगली, मित्रांनी चार कोपरे धरून पाणी ओतून दिलं, बँडवाले शाळेच्या वरांड्यात पळाले. हिला आठवतात ते तिचे वडील. ते मांडवामागं चुलाणावर छत्री धरून उभे होते, साखरेचं एक पोतं भिजलं होतं, आणि शेवटच्या पंगतीला बुंदी पुरावी म्हणून त्यांनी वाण्याकडून उधारीवर साखर आणवली. ती उधारी दिवाळीनंतर फिटली. सासरे आता नाहीत. त्यांच्या तोंडून हे कधी आलं नाही आणि हिलाही सांगायला अशी निवांत रात्र मिळाली नव्हती. त्या रात्री मला सासरे नव्यानं कळले.

म्हणून म्हणतो, लग्न एकच असलं तरी आठवणी दोघांच्या वेगवेगळ्या असतात. अल्बममध्ये फोटोग्राफरला दिसलं तेवढंच असतं, चुलाणावरची छत्री त्यात नसते. ती ज्याला आठवते त्यानं सांगावी लागते, आणि ऐकणारा समोर असावा लागतो.

ऐकणारा राहिला नाही की काय होतं, हे मराठी माणसाला दोन पुस्तकांनी दाखवलं आहे. त्यातल्या एका जोडप्याचा या मुलुखाशी संबंध आहे. रायपूरला मराठी माणूस नवा नाही. इथं तात्यापारा नावाची वस्ती आहे आणि महाराष्ट्र मंडळ 1935 पासून आहे. रायपूरहून नागपूरकडं निघालं की साधारण सत्तर किलोमीटरवर राजनांदगाव लागतं. कवी नारायण वामन टिळक काही काळ तिथल्या संस्थानात नोकरीला होते. त्यांचं आणि लक्ष्मीबाईंचं लग्न 1880 सालचं. 1895 मध्ये टिळक ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षं दोघांना वेगळं राहावं लागलं. टिळक 1919 मध्ये गेले. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहायला घेतलं ते त्यानंतर, मुलाला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं म्हणून. दुसऱ्या रमाबाई रानडे, आमच्या भागातल्या देवराष्ट्र्याच्या. 1873 मध्ये लग्न, 1901 मध्ये न्यायमूर्ती गेले, आणि आठवणींचं पुस्तक आलं 1910 मध्ये. दोन्ही पुस्तकं मराठीचा ठेवा आहेत. पण दोन्ही वेळा बाई एकटीच आठवत बसली आहे. 'अहो, असं नव्हतं, तसं होतं' म्हणायला दुसरा माणूस समोर नाही. फौजी घरात अशी वेळ कोणाच्याही आधी येऊ शकते, हे आम्हाला कोणी वेगळं सांगावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट या दोघींमध्ये सारखी आहे. लक्ष्मीबाई माहेरच्या मनकर्णिका, रमाबाई माहेरच्या यमुना. नावं लग्नात बदलली. आपल्याकडं हे अजून चालतं. नवरी घरात आली की ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, आत्याबाईंनी सगळ्यांना पेढे वाटायचे. कौतुकाचा क्षण असतो. पण सैनिकाच्या बायकोला हे कौतुक पुढं महागात पडू शकतं.

लग्न झालं की युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डर निघते. बायकोचं नाव, जन्मतारीख, लग्नाची तारीख त्यात जाते आणि तीच नोंद रेकॉर्ड ऑफिसला पोचते. पुढं डिपेंडंट कार्ड, दवाखाना, कौटुंबिक पेन्शन, सगळं त्या नोंदीवर चालतं. समजा शाळेच्या दाखल्यावर शकुंतला, ऑर्डरमध्ये तांदळातलं नाव मंगल, आणि आधार कार्डावर मंगला. बाई एक, नावं तीन. नवरा हयात असेल तर तो अर्ज करून, कागद जोडून दुरुस्ती करून घेतो. तो गेला की तीच बाई प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, साक्षीदार करत फिरते, आणि तिला विचारलं जातं, 'तुम्हीच त्या कशावरून?' ज्या बाईनं लग्नात सगळ्या मांडवासमोर उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतलं, तिला आपलंच नाव सिद्ध करावं लागतं.

आमच्या वेळी युनिटच्या हेडक्लार्क साहेबांनी लग्नपत्रिका बाजूला ठेवून हिचा शाळेचा दाखला मागितला आणि त्यावरचं नाव ऑर्डरमध्ये घातलं. तांदळातलं नाव घरात हाक मारायला राहिलं. असे क्लार्क प्रत्येकाला भेटतीलच असं नाही.

काही जण म्हणतात, शुभ दिवशी पेन्शनचे कागद कसले काढता, तोंडातून काय बोलता. मी त्यांना मानतो, पण त्यांचं पटत नाही. लग्न लावताना आपण देवाब्राह्मणाची साक्ष काढतो आणि अग्नीची साक्ष काढतो. त्यात सरकारी कागदाची साक्ष जोडली तर काय बिघडलं? महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा 1998 चा कायदा आहे. गावात ग्रामपंचायतीत नोंद होते, तीन साक्षीदार लागतात आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही लागते. आज पंधरा वर्षांनी बघितलं तर आमच्या तीन साक्षीदारांपैकी एक मामा राहिले नाहीत. त्यांची सही मात्र त्या कागदावर आहे, आणि वाढदिवसाला तो कागद काढला की मामांचीही आठवण निघते. म्हणजे कागद काढला म्हणून आठवण पळून जात नाही.

माझ्या फौजी भावांनो, येत्या वाढदिवसाला घरी असाल तर जेवण झाल्यावर एक तास काढा. अल्बम घ्या, शेजारी दाखला, आधार, नोंदणीचं प्रमाणपत्र आणि पार्ट टू ऑर्डरची नक्कल घ्या. चारही ठिकाणी तिचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का, ते तिला स्वतः वाचू द्या. मग तिला विचारा, आपल्या लग्नातलं तुला काय आठवतं? आणि मध्ये बोलू नका. घरी नसाल तर फोनवर गॅसचा विषय काढायच्या आधी हा एक प्रश्न विचारा. बाकी हिशेब दुसऱ्या दिवशी करता येतो.

सासऱ्यांच्या उधारीची गोष्ट आम्ही आता वहीत लिहून ठेवली आहे. पोरगं मोठं झालं की वाचेल.