यादवींतील पत्रें आणि लेखणीचा हक्क

युद्धाचा इतिहास सेनापतींच्या खलित्यांवरून लिहावा असा प्रघात आहे. परंतु १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत जें यादवी युद्ध झालें, त्याचा इतिहास साध्या शिपायांनीं घरीं धाडलेल्या पत्रांवांचून पुरा होत नाहीं. दोन्ही सैन्यांतील बहुतेक गोरे शिपाई साक्षर होते, आणि त्यांचीं पत्रें सरसकट तपासण्याची व्यवस्था कोणत्याही बाजूस नव्हती. जवळ पैसे नसल्यास उत्तरेच्या शिपायाचें पत्र तसेंच जाई व हांशील घरचे भरीत. म्हणूनच या पत्रांत आजार, थकलेला पगार व सेनापतींची निंदा हें सारें उघड आढळतें.

ऱ्होड आयलंडचे वकील सलिव्हन बलू यांनीं १४ जुलै १८६१ रोजीं पत्नीस पत्र लिहिलें. आठवड्यानें बुल रनच्या लढाईंत ते जबर जखमी झाले व त्यांतच वारले. देशाचें ऋण आणि घरची माया यांचा झगडा त्या पत्रांत आहे.

परंतु लेखणीचें खरें मोल कृष्णवर्णीय पलटणींकडे पाहून कळतें. दक्षिणेच्या अनेक संस्थानांत गुलामास लिहिणें-वाचणें शिकविणें हाच गुन्हा होता. पुढें सुमारें १,८०,००० कृष्णवर्णीय लोक उत्तरेच्या सैन्यांत शिरले, तेव्हां पुष्कळांस पत्र दुसऱ्याकडून लिहवून घ्यावें लागे. कित्येक छावणींतच मुळाक्षरें शिकले. गोऱ्या शिपायास दरमहा १३ डॉलर मिळत. यांस १०, आणि त्यांतूनही ३ कपड्यांबद्दल कापीत. जेम्स हेन्री गुडिंग या नाइकानें सप्टेंबर १८६३ मध्यें या अन्यायाचा जाब थेट अध्यक्ष लिंकन यांस पत्रानें विचारला. जून १८६४ मध्यें काँग्रेसनें समान वेतनाचा कायदा केला. एका पत्रानें हें घडलें असें आम्ही म्हणत नाहीं. कमी पगार नाकारून लढत राहिलेल्या पलटणींचा निग्रह त्यामागें होता. पण तो निग्रह कागदावर उतरला, म्हणून जगास कळला.

जोतीराव फुले यांनीं १८७३ मध्यें आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांसच अर्पण केला होता. बेडी तोडणें हें अर्धें कार्य. उरलेलें अर्धें लेखणी हातीं देण्याचें. आपली खतावणी दुसऱ्याच्या भरंवशावर सोडणारा व्यापारी बुडतो, हें आमच्या पेठकरांस सांगावयास नको. मग आपल्या दुकानचा हमाल सही करतो कीं अंगठा उठवितो, आणि ज्या कागदावर उठवितो तो त्यास वाचतां येतो काय, हेंही त्यांनीं एकदां पाहावें.