‘पित्त झालंय’ म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे ‘पित्त झालंय’ हे वाक्य ऐकू आले नाही असा आठवडा जात नाही. आंबट ढेकर आला की पित्त, डोके दुखून उलटी झाली की पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच! कन्नडमध्येही तीच गत. शब्द ‘पित्त’च, आणि अंगावर उठते ती ‘पित्तद गंधे’. छातीतल्या जळजळीला मात्र कन्नडने ‘एदे उरि’ असा सरळ शब्द ठेवला आहे. एदे म्हणजे छाती, उरि म्हणजे जळजळ.

शरीरशास्त्रातले पित्त तर आणखी निराळे. ते यकृतात तयार होते, पित्ताशयात साठते आणि तेल-तूप पचवायला मदत करते. आपल्याला सहसा जाळते ते जठरातले आम्ल. जठरात रोज दीड-दोन लिटर पाचक रस तयार होतो. त्यातले आम्ल अन्नाबरोबर आलेले जंतू मारते आणि प्रथिनांचे पचन सुरू करून देते. म्हणजे आम्ल हा काही शत्रू नव्हे. जठराच्या आतल्या अस्तराला त्यापासून संरक्षण असते, अन्ननलिकेला तेवढे नसते. दोहोंमधली झडप सैल पडली की आम्ल वर चढते आणि छातीत जळजळते.

एकाच शब्दावर भागवण्याने काय होऊ शकते, ते गेल्या वर्षी मे महिन्यात मनावरला पाहिले. मनावर हे मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातले, निमाडातले तालुक्याचे गाव. पवारांच्या धार आणि देवास संस्थानांमुळे त्या भागात कितीतरी मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्यातलेच एक माझ्या आत्याचे. आपल्या घरांत मराठीला कन्नडचा शेजार, त्यांच्या घरात हिंदी-निमाडीचा.

लग्नघर होते. जेवायला दाल-पानिये, म्हणजे मक्याच्या पिठाचे गोळे रुईच्या पानांत धरून गोवऱ्यांवर भाजलेले. सोबत निमाडी मिरचीचा ठेचा. आपली ब्याडगी रंगाला पुढे आणि तिखटाला मागे. ही मिरची तशी भिडस्त नाही. रात्री काका छाती चोळत बसले. “गॅस झालाय, मिरची बाधली,” म्हणत त्यांनी खाण्याचा सोडा घेतला. पण त्यांना दरदरून घाम फुटला होता आणि डावा हात जड झाला होता. सून म्हणाली, “बाबा, हा गॅस नाही. तुम्ही आधी गाडीत बसा.” दवाखान्यात ईसीजी काढला, तो हृदयविकाराचा झटका निघाला. तिथून इंदूरला हलवले. वेळेत उपचार मिळाले म्हणून काका आज शेतावर जातात.

मिरचीवर आळ घेणे फार सोपे असते. जळजळ असणाऱ्याला तिखटाने त्रास वाढतो हे खरे. पण अल्सर मिरचीने होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ येथे 1982 मध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठरात राहणारा एक जिवाणू वाढवून दाखवला. लोकांना पटेना, तेव्हा 1984 मध्ये मार्शल यांनी तो स्वतःच पिऊन पाहिला आणि जठराला सूज आणून घेतली! 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळाले. अल्सरची मुख्य कारणे दोनच : हा ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ आणि वेदनाशामक गोळ्या. गुडघेदुखीसाठी मनानेच रोज गोळ्या घेणाऱ्या आजी-आजोबांकडे म्हणूनच लक्ष हवे.

साध्या जळजळीला घरचे उपाय पुरतात. रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी दोन-तीन तास आटोपावे. थोडे भूक ठेवून जेवावे. पलंगाची उशाकडची बाजू वीतभर उंच करावी. तंबाखू सोडावी, वाढलेले पोट कमी करावे. सोड्यात सोडियम असते, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी त्याची सवय लावून घेऊ नये. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्याही डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने घेऊ नयेत. त्यांनी बी-12 जीवनसत्त्व घटू शकते.

गिळताना अन्न अडकणे, वजन आपोआप उतरणे, डांबरासारखी काळी शौचास होणे किंवा रक्ताची उलटी, यांपैकी काहीही दिसले तर ओव्याची पुरचुंडी बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. छातीत दडपण येऊन घाम, धाप, हातात किंवा जबड्यात कळ असेल तर लगेच 108 ला फोन करावा. स्त्रियांत आणि मधुमेहींत ही लक्षणे पुसटही असतात, हे विसरू नये.

आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर नुसते ‘पित्त’ म्हणू नये. कुठे दुखते, जेवणाआधी की नंतर, चालताना की आडवे झाल्यावर, किती दिवसांपासून, एवढे सांगावे. मराठीत सांगा नाहीतर कन्नडमध्ये, पण नेमके सांगा.